न्हाणीघरामागच्या बॉयलरची गळकी कॉइल : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

पहाटे साडेपाचला बॉयलर पेटवायला मागच्या पडवीत गेले, तेव्हा ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या, पाइपाखालची फरशी ओली दिसली. बॉयलर तापताना त्या पाइपातून थोडे पाणी पडते, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात वावगे काही नाही. जॅकेटमध्ये, म्हणजे भट्टीवरील पाण्याच्या टाकीत, सुमारे ६० लिटर पाणी मावते. ते २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान जवळपास तीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे पावणेदोन लिटर पाणी बाहेर पडणारच. पण आज बॉयलर रात्रभर गार होता, आणि तरीही पाइपाच्या तोंडाशी एकामागून एक थेंब जमत होता.

पुढच्या नोंदी समजाव्यात म्हणून रचना आधी लिहून ठेवते. खाली लाकडांची भट्टी, तिच्यावर ४० सेंटिमीटर व्यासाचे आणि ५० सेंटिमीटर उंचीचे लोखंडी जॅकेट आणि मागच्या बाजूने निघालेले धुराडे, असा हा बॉयलर आहे. जॅकेटमधील पाणी वापरायचे नसते. ते फक्त तापून राहते. अंघोळीचे पाणी गच्चीवरील टाकीतून येते, जॅकेटमध्ये बुडालेल्या तांब्याच्या कॉइलमधून, म्हणजे वेढे देऊन गुंडाळलेल्या नळीतून, फिरते आणि गरम होऊन न्हाणीघरातील नळाला जाते. जॅकेटला वर उघडा ओव्हरफ्लो असल्यामुळे त्यात दाब नसतो. कॉइलमध्ये मात्र गच्चीवरील टाकीचा साडेसहा मीटर उंचीचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६५ किलोचा दाब दिवसरात्र असतो. म्हणून कॉइलला छिद्र पडले की पाणी कॉइलमधून जॅकेटमध्ये शिरते आणि जॅकेट भरून ओव्हरफ्लोवाटे बाहेर येते.

रात्री आठ वाजता पाइपाखाली रिकामी बादली ठेवली.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी सहापर्यंत, म्हणजे दहा तासांत, बादलीत सहा लिटर पाणी साठले होते. मिनिटाला दहा मिलिलिटर ही गळती दिसायला किरकोळ असली, तरी त्या पाण्याचा रंग मला जास्त खटकला. ते तांबूस होते आणि बादलीच्या तळाशी गंजाचा बारीक गाळ बसला होता. जॅकेटमधील पाणी वर्षानुवर्षे तेच राहते, त्यातील प्राणवायू सुरुवातीच्या दिवसांतच संपतो आणि मग लोखंड फारसे गंजत नाही. कॉइल गळू लागली की रोज नवे पाणी येते, त्याबरोबर नवा प्राणवायू येतो आणि जॅकेट आतून कुजू लागते. म्हणजे कॉइलकडे दुर्लक्ष केले असते, तर पुढे जॅकेटही गेले असते.

खात्रीसाठी कॉइलच्या आवक बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला आणि न्हाणीघरातील नळ क्षणभर उघडून आतला दाब सोडला. वीस मिनिटांत ओव्हरफ्लो पूर्ण थांबला. व्हॉल्व्ह उघडल्यावर दहा मिनिटांत थेंब पुन्हा सुरू झाले. दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा तसेच झाले. त्यामुळे गळती झाकणाच्या पॅकिंगची नसून कॉइलचीच आहे, याबद्दल शंका उरली नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. व्हॉल्व्ह बंद ठेवून न्हाणीघरातील खालचा नळ पूर्ण उघडला, तेव्हा थोड्या वेळाने नळातून गंजाचे पाणी ठिबकू लागले. दाब नाहीसा झाला की वाट उलटी होते आणि जॅकेटमधील पाणी त्याच छिद्रातून नळाकडे ओढले जाते. गच्चीवरील टाकी रिकामी होते, त्या दिवशीही हेच घडत असणार. आईला सांगून स्वयंपाकघरासाठी या नळाचे गरम पाणी घेणे आजपासून बंद केले.

११ डिसेंबर, बुधवार

जॅकेट रिकामे केले. झाकणाला आठ बोल्ट आहेत. पाच सुटले, तीन जागचे हलेनात. त्यांवर डिझेल सोडून ठेवले. झाकणाखालचे जुने पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असावे असे वाटले, म्हणून ते कोरडे खरवडायचे नाही असे ठरवले. त्यावर पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून, ओले असतानाच काढायचे आणि पिशवीत बंद करून ठेवायचे.

१४ डिसेंबर, शनिवार

राहिलेल्यांपैकी दोन बोल्ट सुटले, एक तुटला. साताऱ्यातल्या गोडोलीचे गॅस वेल्डिंगचे मिस्त्री सकाळी आले होते. त्यांनी तो ड्रिल करून काढला. झाकण उचलले आणि त्याला लटकलेली कॉइल त्याच्यासोबत वर आली.

कॉइलच्या बाहेरच्या अंगावर क्षार बेताचेच होते. जॅकेटचे पाणी बदलत नसल्याने त्यातील क्षार एकदाच बसतात. आतली बाजू मात्र रोज नवे पाणी पाहते. गरम बाजूच्या तोंडातून विजेरी धरून आत पाहिले, तर अकरा मिलिमीटरच्या नळीत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. पांढरट-पिवळे, शिंपल्याच्या आतल्या पाठीसारखे गुळगुळीत थर एकावर एक बसले होते. आमच्या वसाहतीत वर्षातील बराच काळ बोअरचे पाणी वापरावे लागते. सातारच्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी चांगलेच जड आहे. मागच्या उन्हाळ्यात तपासून घेतले, तेव्हा एकूण कठीणपणा लिटरला ५२० मिलिग्रॅम आला होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० अशी आहे, म्हणजे आमचे पाणी वरच्या टोकाला आहे. असे पाणी तापले की त्यात विरघळलेले बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट गरम भिंतीवर बसते.

गळती नेमकी कुठे आहे, ते शोधण्यासाठी कॉइलचे एक टोक बंद केले, दुसऱ्या टोकाला सायकलच्या पंपाची जोडणी आणि प्रेशर गेज लावले आणि कॉइल अंगणातील हौदात बुडवली. एक किलोचा दाब होईपर्यंत काही दिसले नाही. मग वरून दुसऱ्या वेढ्याच्या खालच्या अंगाने मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत वर येऊ लागले. आबा हौदाच्या कडेला बसून पाहत होते. ते म्हणाले, "अगं, एकच दिसतंय. त्याला डाग दिला की झालं." मिस्त्रींनाही तसेच वाटले. मलाही तसे व्हावेसे वाटत होते.

१५ डिसेंबर, रविवार

मिस्त्री कथलाचा डाग द्यायला तयार होते, कारण त्यात वेळ कमी लागतो. मी नको म्हटले. शिसे-कथलाचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळतो. जॅकेट भरलेले असताना एवढे तापमान येत नाही, साताऱ्याच्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. पण एखाद्या दिवशी जॅकेटमधील पाणी कमी झाले आणि कॉइलचे वरचे वेढे उघडे पडले, तर डागावर भिस्त ठेवता येणार नाही. शिवाय त्यातील शिसे आपल्या पाण्यात नको. म्हणून फ्रिजच्या नळ्यांना वापरतात त्या तांबे-फॉस्फरसच्या काडीने झाळ द्यायचे ठरले. ही काडी सातशे अंशांच्या पुढे वितळते आणि तांब्याला तांबे जोडताना तिला वेगळा फ्लक्स, म्हणजे जोडाची जागा स्वच्छ ठेवणारा लेप, लागत नाही.

झाळ सुरेख बसली. कॉइल पुन्हा हौदात बुडवून दाब वाढवला, तर पहिली जागा कोरडी राहिली आणि हातभर अंतरावर, तिसऱ्या वेढ्याला, नवीन बुडबुडे निघाले. झाळेच्या उष्णतेने तिथला क्षाराचा थर तडकला होता. आजवर त्या थरानेच ते छिद्र बुजवून धरले होते. मिस्त्री दुसरी काडी तापवायला निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवले आणि त्या दोन वेढ्यांचा तुकडा कापून मागितला.

तो तुकडा उभा चिरला. छिद्र बाहेरून सुईच्या टोकाएवढे होते, पण आतून त्याच जागी मसुरीएवढा खळगा होता. तळाशी हिरवट चूर्ण आणि त्यावर गंजाची तांबडी टोपी. असे खळगे त्या वीतभर तुकड्यात मी सात मोजले, सगळे नळीच्या तळाच्या बाजूला, जिथे पाणी थांबलेले असताना गाळ बसतो. आवक बाजूला गच्चीपासून जुना जस्ताचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप आहे. त्यातून सुटलेले गंजाचे कण कॉइलमध्ये येऊन पडतात, त्यांच्याखाली ताजे पाणी पोहोचत नाही आणि तिथेच तांबे खाल्ले जाते. मूळ नळीची जाडी ०.८ मिलिमीटर असावी. खळग्यांच्या मध्ये मोजली ती ०.६, आणि सर्वांत खोल खळग्यात ०.२ सुद्धा नव्हती.

हा तुकडा आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मग नवीनच कर." एकेक छिद्र बुजवत राहिलो असतो, तर प्रत्येक झाळेच्या उष्णतेने शेजारचे छिद्र उघडत गेले असते. छिद्र हा आजार नव्हता, तो फक्त दिसणारा भाग होता. सगळी नळीच आतून पातळ झाली होती. गळती एकाच ठिकाणी दिसत असली, तरी कॉइल कापून पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा निर्णय घेऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

पोवई नाक्यावरून मऊ तांब्याची नळी आणली. बाहेरचा व्यास १२.७ मिलिमीटर, जाडी ०.८, लांबी १५ मीटर. घरी वजन केले तर चार किलोच्या जवळ भरली. जुनी कॉइल मोडीत दिल्यामुळे खर्चाचा चांगला हिस्सा वळता झाला.

एक मिलिमीटर जाडीची आणखी जड नळी घ्यावी का, यावर विचार केला होता. जाड नळी जास्त टिकते हे खरे. पण ती हाताने गुंडाळणे अवघड, आणि घाण पाणी तसेच ठेवले तर ०.८ काय आणि १.० काय, वर्षा-दोन वर्षांचाच फरक. तो पैसा गाळणीवर आणि क्षार काढण्याच्या सोयीवर घालायचे ठरवले.

२१ डिसेंबर, शनिवार

आज कॉइल गुंडाळली. हे काम मनाजोगते व्हावे, अशी मला फार इच्छा होती, म्हणून सविस्तर लिहिते.

नळीचे एक टोक लाकडी खुंटीने बंद केले आणि चाळून, तव्यावर भाजून पूर्ण कोरडी केलेली बारीक वाळू नरसाळ्याने आत भरली. वाळू ओली राहिली तर ती मध्येच अडकते. नळी गच्चीवरून खाली सोडून आबा वरून वाळू ओतत होते आणि मी खालून लाकडी हातोडीने हलके ठोकत होते, म्हणजे वाळू दबून बसावी. वाळू भरलेली असली की नळी वळताना चपटी होत नाही. मग अंगणातील आंब्याच्या दोन खांद्यांमध्ये आडव्या बसवलेल्या, २७ सेंटिमीटर व्यासाच्या लाकडी ढोलावर वेढे घ्यायला सुरुवात केली. तांबे सोडले की थोडे परत उघडते, त्यामुळे ढोल हव्या त्या मापापेक्षा लहान धरावा लागतो; सुटल्यावर वेढ्याचा मधला व्यास बरोबर ३० सेंटिमीटर आला.

नवव्या वेढ्याला नळी हाताला कडक लागू लागली. तांबे वाकवत राहिले, सारखे मागेपुढे केले, की ते कठीण होते. मिस्त्रींनी तेवढा भाग गॅसने मंद लाल होईपर्यंत तापवला आणि लगेच ओले फडके लावले. तापवून पाण्यात बुडवले की पोलाद कडक होते, तांबे मात्र मऊ होते. आबांना हे माहीत होते. त्यांच्या लहानपणी घरी तांब्याचा बंब होता आणि त्याची तोटी वाकली की तांबट असेच करायचा.

चौदा वेढे झाले, त्यांची उंची ३४ सेंटिमीटर, आणि दोन सरळ टोके वर आणली. गार पाण्याचे टोक थेट तळाशी उतरवून पाणी खालून वर चढेल असे ठेवले आहे, म्हणजे हवा अडकली तर ती वरच्या वाटेने स्वतःच निघून जाईल. वाळू काढायला तास गेला. शेवटी पाण्याच्या झोताने नळी धुतली आणि बाहेर आलेले पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून, एकही कण येत नाही हे पाहिल्यावरच थांबले.

२२ डिसेंबर, रविवार

कॉइलला जॅकेटच्या आत एकही जोड ठेवलेला नाही. दोन्ही टोके अखंड झाकणातून वर आली आहेत आणि जोड झाकणाच्या वर, डोळ्यांसमोर आहेत, म्हणजे पुढे काही गळलेच तर ते लगेच दिसेल. झाकणातील पितळी बुशांना नळी जोडताना मात्र फॉस्फरसची काडी एकटी चालत नाही. तिथे चांदीची काडी आणि टाकणखाराचा फ्लक्स वापरला.

गरम बाजूला पूर्वी कॉइलनंतर लगेच जस्ताचा एल्बो होता. तो काढला, तर आतून चाळणीसारखा कुजलेला निघाला. तांब्यावरून आलेले पाणी पुढच्या जस्ताच्या पाइपाला लवकर खाते, त्यामुळे तांब्यानंतर जस्त ठेवू नये. आता गरम बाजूला मीटरभर तांबे, त्यापुढे पितळी जोड आणि मग सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप आहे. प्लास्टिकचा पाइप थेट बॉयलरच्या तोंडाशी लावला नाही, कारण पाणी थांबलेले असताना तिथले तापमान जॅकेटएवढे चढते.

मिस्त्री म्हणाले, "ताई, आवक बाजूला नॉन-रिटर्न बसवा, गरम पाणी मागे जाणार नाही." त्यांचा हेतू चांगला होता, पण हे मी केले नाही. नळ बंद असताना कॉइलमधील दीड लिटर पाणी तापून फुगते आणि त्याला गच्चीवरील टाकीकडे परत सरकायची वाट लागते. ती वाट बंद केली, तर सेफ्टी व्हॉल्व्ह लावल्याशिवाय कॉइल सुरक्षित राहणार नाही. त्याच कारणाने जॅकेटच्या ओव्हरफ्लोलाही कधी व्हॉल्व्ह किंवा बूच लावायचे नाही. गळती बंद करण्यासाठी तो पाइपच बुजवावा असे सुचवणारी माणसे भेटतात. आगीवर ठेवलेले भांडे चोहोबाजूंनी बंद करणे जिवावर बेतू शकते, म्हणून हे इथे स्पष्ट लिहिते.

२४ डिसेंबर, मंगळवार

कॉइलमध्ये पाणी भरून हातपंपाने दोन किलोचा दाब दिला. हा रोजच्या दाबाच्या तिप्पट आहे. दुपारी दोनला काटा २.० वर, चारला १.८ वर. जोड कोरडे होते, तरी जीव खालीवर झाला. मग लक्षात आले की कॉइल उन्हातून सावलीत आणली होती. कोंडलेले पाणी थोडे निवले तरी दाब उतरतो. सहाला पुन्हा दोन किलो करून रात्रभर सावलीतच ठेवली.

२५ डिसेंबर, बुधवार

सकाळी काटा १.९ वर होता आणि ऊन चढल्यावर स्वतःच २.० वर आला. कॉइल उत्तम आहे.

झाकण नव्या पॅकिंगवर बसवले. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन फेऱ्यांत आवळले. जॅकेट भरण्यासाठी बोअरचे पाणी घेतले नाही. पेठेत मावशीकडे कास तलावाचे पाणी येते, तिथून वीस लिटरचे तीन कॅन भरून आणले. एकदाच भरायचे असल्याने तेवढे कष्ट रास्त वाटले. आवक पाइपावर गाळणी बसवली आणि कॉइलच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्हसह टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, काढून ठेवले.

बाभळीची चार लाकडे आणि करवंट्यांवर पन्नास मिनिटांत जॅकेट ८२ अंशांवर गेले. येणारे पाणी २१ अंश होते. वीस लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली. जुन्या कॉइलवर गेल्या महिन्यात तिला पावणेपाच मिनिटे लागत होती. पहिली बादली ४९ अंश, दुसरी ४६, तिसरी ४३. जुन्या कॉइलची पहिली बादलीच ३९ अंशांची असायची आणि आम्ही लाकडे ओली आहेत असे समजून जास्त लाकूड घालत होतो. क्षाराचा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता पुढे जाऊ देतो, हे माहीत असूनही मी त्याचा आमच्या लाकडांशी संबंध लावला नव्हता.

ओव्हरफ्लोमधून तापताना दीड लिटरच्या वर पाणी पडले, जेवढे पडायला हवे तेवढेच. भट्टी विझल्यावर पाइप कोरडा झाला.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. बहिणीची मुले आल्याने तीळ लावून सात जणांच्या अंघोळी एकामागून एक झाल्या. शेवटच्या बादलीला पाणी ४० अंश होते, अर्थात मधूनमधून लाकूड सारत राहावे लागले. गाळणी उघडली, तर तिच्यात चिमूटभर तांबडे कण होते. तीन आठवड्यांत एवढे कण येत असतील, तर गच्चीपासूनचा जस्ताचा पाइपही बदलायला हवा. ते काम उन्हाळ्यात घेईन.

९ फेब्रुवारी, रविवार

क्षार काढण्याची पहिली फेरी, मुद्दाम लवकर, कारण थर पातळ असताना तो सहज विरघळतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून टीमधून छोट्या पंपाने पाच लिटर पाण्यात पाव किलो लिंबाचे सत विरघळवून ते पाऊण तास कॉइलमधून फिरवले. हायड्रोक्लोरिक ॲसिड यासाठी वापरू नये. त्याचा जोर आवरत नाही आणि ते सांध्यांना लागते. सुरुवातीला परतीच्या पाण्यात बारीक फेस येत होता, अर्ध्या तासाने थांबला. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, शेवटी नळाचे पाणी दहा मिनिटे वाहू दिले.

बादली पुन्हा अडीच मिनिटांत भरते. आवक व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडला आणि पंधरा मिनिटे वाट पाहिली. नळातून काही आले नाही. स्वयंपाकघरासाठी गरम पाणी घ्यायला हरकत नाही, असे आज आईला सांगितले. पुढची फेरी मे महिन्यात, गच्चीचा पाइप बदलल्यानंतर.